तासांचं प्रमाणपत्र नको, हातात काम द्या

जलक्रीडा केंद्रांवर १६-१७ वर्षांची मुलं स्वयंसेवक म्हणून मोठ्या हौसेनं येतात. बहुतेक ठिकाणी त्यांना कयाक उचलायला, लाइफ जॅकेटं वाटायला आणि फोटो काढायला लावतात, आणि शेवटी ‘इतके तास सेवा केली’ असा कागद हातात देतात. माझ्या मते हा त्या मुलांवर अन्याय आहे. एकेकाला एकेक काम पूर्ण सोपवा, शिकवा, तपासा आणि त्या कामातला अधिकारही द्या. कौशल्य त्यातूनच येतं.

सुरुवात गणतीच्या फळ्यापासून करावी. फळ्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला नंबराचा बिल्ला. पाण्यात जाणारा आपला बिल्ला स्वतः उलटा करतो, बाहेर आला की स्वतः सुलटा करतो. काम सोपं दिसतं, पण चुका ठरलेल्या आहेत. घाईत माणसांऐवजी होड्या मोजल्या जातात. दोघांच्या कयाकमधून एकजण परस्पर दुसरीकडे उतरतो. मित्र मित्राचा बिल्ला फिरवतो. म्हणून फळ्यावरच्या मुलानं दर १५ मिनिटांनी पाण्यातली डोकी मोजायची आणि आकडा फळ्याशी जुळवायचा. जुळला नाही तर तिथल्या तिथे सांगायचं, ‘येईल इतक्यात’ म्हणून थांबायचं नाही.

दुसरं काम जॅकेट तपासण्याचं. सगळे पट्टे आवळून झाले की दोन्ही खांदे धरून जॅकेट वर ओढायचं. ते हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर माप चुकलंय किंवा पट्टे सैल आहेत. लहान मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे जॅकेट किती जोरानं तरंगवतं त्याचं माप) जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असतानाच पुरतं, बेशुद्ध माणसाला ते उताणं करेलच असं नाही. हा फरक स्वयंसेवकाला पालकांना समजावून सांगता यायला हवा. समोरच्याला न घाबरवता नेमकं सांगणं हेही शिकण्याचंच काम आहे, आणि त्याची सवय इथे रोज होते.

बचावाचा दोर मात्र नुसता दाखवून भागत नाही. पिशवीतला दोर साधारण १५ ते २० मीटरचा असतो. आधी पिशवीचं तोंड सैल करायचं, दोराचं टोक दुसऱ्या हातात धरायचं (मनगटाला गुंडाळायचं नाही), हाक मारून बुडणाऱ्याचं लक्ष वेधायचं आणि पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायची, म्हणजे दोर त्याच्या खांद्यावर पडतो. अलीकडे पडली तर फेक वाया गेली. नवखा हमखास टोकासकट सगळा दोर फेकून मोकळा होतो. पहिली फेक चुकली की दुसरा घोळ होतो: पिशवी नीट भरत बसणं. त्याऐवजी दोर भराभर ओढून घ्यायचा, पिशवीत थोडं पाणी घेऊन तिला वजन द्यायचं आणि पुन्हा फेकायचं. दोर पकडला गेला की खाली बसायचं, नाहीतर ओढ लागून फेकणाराच पाण्यात जातो. हे सगळं अंगवळणी पडायला दर आठवड्याला सराव लागतो, कोरड्या जमिनीवरही आणि पाण्यातल्या माणसाकडेही.

बचाव-बोटीवर मुलांना मदतनीस म्हणूनच न्यावं, चालवायला प्रशिक्षित प्रौढच हवा. पण निघण्याआधीची तपासणी मुलाकडे द्यावी: तळाचं बूच घट्ट आहे का, इंधन किती आहे, नांगर आणि दोर जागेवर आहेत का, किल कॉर्ड (सुटली की इंजिन बंद पाडणारी दोरी) चालकाच्या मांडीला लावलीय का. इंजिन चालू असताना ती दोरी एकदा ओढून बघायची, इंजिन बंद पडलंच पाहिजे. बोटीत सुटी दुसरी कॉर्डही हवी. चालक पाण्यात पडला तर पहिली त्याच्यासोबत जाते आणि मदतनिसाला इंजिन सुरूच करता येत नाही. हे कितीतरी केंद्रांच्या ध्यानात येत नाही. पाण्यातल्या माणसाजवळ पोहोचलं की इंजिन पूर्ण बंद, पंखा नुसता न्यूट्रलला ठेवून चालणार नाही.

वाऱ्याची जाणही याच वयात यावी. जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा, कारण काठाजवळ पाणी शांत दिसतं आणि थोडं आत गेलं की नवखे परत वल्हवूच शकत नाहीत. नवशिक्यांचा वर्ग अशा वाऱ्यात घेऊ नये, मग आयोजकांची कितीही तयारी झालेली असो.

नोंदवहीत तासांऐवजी काय करता येतं ते लिहा: ‘१५ मीटरवर तीनपैकी दोन फेका अचूक’, ‘बोलाईन गाठ (न आवळणारा फास देणारी) न बघता मारली’, ‘उलटलेली कयाक रिकामी करून माणूस आत बसवला’. पुढे नोकरीसाठी किंवा प्रशिक्षक होण्यासाठी जाताना ही पानं दाखवता येतात. शिकवण्याची मदत करायची असेल तर एक नियम आधीच पक्का सांगावा: कोणत्याही मुलासोबत एकट्यानं आडोशाला किंवा कपडे बदलण्याच्या खोलीत थांबायचं नाही.

आणि शिट्टी. प्रत्येक स्वयंसेवकाच्या गळ्यात ती हवी. ती वाजली की प्रशिक्षकानं वर्ग थांबवायचा, कारण नंतर विचारायचं. शंका फोल निघाली तरी मुलाला सगळ्यांसमोर बोलायचं नाही. एकदा झापलेलं मूल पुढच्या वेळी शिट्टी वाजवायला कचरतं.