दूध होतं, दार बंद होतं: एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

लहान मुलांच्या दवाखान्याचे नियम ठरवताना आईबापांनाही विचारा, असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. तुम्ही नवजात बाळांच्या कक्षात निवासी डॉक्टर आहात, छत्तीस तासांची ड्युटी उरकून रात्री दीड वाजता लिहिलंत. इतक्या थकव्यात माणूस उगाच लिहायला बसत नाही. म्हणून मीही दोन ओळींत उत्तर देणार नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टरांचं म्हणणं असं: नातेवाईक आत आले की जंतुसंसर्ग वाढतो. एकेका सिस्टरच्या अंगावर डझनभर बाळं असताना पालकांची मतं ऐकायला वेळ कुणाला आहे? काही बिनसलं तर मार डॉक्टरनेच खायचा. समित्या आहेतच, त्यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि शेवटचं वाक्य, "पंगतीला विचारून आचारी फोडणी देत नाही."

हे शेवटचं वाक्य मला लागलं, कारण त्यातलं निम्मं खरं आहे. माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात झाली. वजन १ किलो २८० ग्रॅम. तिला ऑक्सिजन किती द्यायचा, अँटिबायोटिक कुठलं द्यायचं, हे मला कुणी विचारलं असतं तर माझे हातपाय गळाले असते. फोडणी तुमचीच, त्याबद्दल वाद नाही. पण पंगतीच्या शेवटच्या पानावर वरण पोचलं की नाही, हे चुलीपाशी उभ्या असलेल्या आचाऱ्याला दिसत नाही. ते त्या पानावर बसलेल्यालाच कळतं. मी त्या पानावर चौतीस दिवस बसले होते.

दवाखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. कक्ष दुसऱ्या मजल्यावर होता. 'बाळ पेटीत आहे', म्हणजे ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत, एवढंच आम्ही सगळ्यांना सांगायचो. आयांना बसायला जागा नव्हती, म्हणून जिन्याच्या वळणावर जुनी लुगडी अंथरून आम्ही सात-आठ जणी बसायचो. काहींचे सिझरचे टाके ओले. बाळांना दर तीन तासांनी दूध लागायचं: सहा, नऊ, बारा, तीन. आम्ही वाटीत दूध काढून वर बशी झाकायची आणि दारावरच्या मावशींच्या हातात द्यायची. आत सिस्टर ते नळीने किंवा गोकर्णाने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने, पाजायच्या.

आता बघा काय व्हायचं. सकाळी साडेआठला साफसफाईसाठी दार बंद. त्याला लागून मोठ्या डॉक्टरांचा राउंड. दार उघडायचं ते साडेअकराला. म्हणजे नऊच्या वेळेचं दूध जिन्यावरच. मार्च महिना, पत्र्याची शेड बाजूला, वाटी हातात धरून बसायचं आणि शेवटी बेसिनमध्ये ओतून द्यायचं. आत नऊ वाजता सिस्टर बघायच्या तर आईचं दूध आलेलं नाही. बाळ उपाशी ठेवता येत नाही, मग पावडरचं दूध. असं चार-पाच दिवस झालं की फाईलवर शेरा पडायचा, 'आईला दूध कमी'. मग आम्हाला बोलावून समजावलं जायचं, खा नीट, काळजी करू नका, येईल दूध. माझ्या सासूबाई रोज अळिवाची खीर डब्यातून आणत होत्या. मी ती रडत खायची, कारण माझ्याच शरीरात काही खोट आहे असं मलाही वाटायला लागलं होतं.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं आतडं किती नाजूक असतं आणि तिथे आईच्या दुधाची किती किंमत असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तीन आठवडे हे असं चाललं. आत कुणी वाईट नव्हतं. सिस्टर वेळ पाळत होत्या, डॉक्टर राउंड घेत होते, मावशी सांगितलं तेवढं करत होत्या. फक्त आतून जिना दिसत नव्हता. मग बदली होऊन एक वयाने मोठ्या सिस्टर आल्या. एका दुपारी त्या बाहेर आल्या आणि आमच्याजवळ पायरीवर बसल्या. उभ्या राहून चौकशी केली नाही, बसल्या, हे माझ्या डोक्यात पक्कं आहे. म्हणाल्या, "सगळ्यांनाच कसं गं दूध कमी?" आम्ही शिकलेल्या दोघी होतो, दोघी गप्प. ऊसतोडीच्या टोळीतून आलेली एक पोर होती, विशीचीही नसेल. ती म्हणाली, "दूध हाय की बाई. दार न्हाय उघडत."

दुसऱ्या दिवसापासून पावणेनऊला पाच मिनिटं दार उघडायला लागलं. वाटीवर चिकटपट्टी, पट्टीवर आईचं नाव. बस्स. माझ्या मुलीचं पावडरचं दूध चार दिवसांत सुटलं.

मी मागच्या लेखात जे मागितलं ते एवढंच आहे. ती पायरीवर बसण्याची पाच मिनिटं एखाद्या चांगल्या सिस्टरच्या स्वभावावर सोडू नका. ती कामाचा भाग करा, वेळापत्रक ठरवायच्या आधी करा.

आता संसर्गाचं. तुमची भीती खोटी नाही, एक जंतू शिरला तर काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. पण आई म्हणजे जंतू हे समीकरण तपासून झालंय. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथल्या प्रसूतिगृहात पेट्या कमी पडत होत्या. एकाच पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवायची पाळी आली होती आणि संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जात होता. डॉ. एडगर रे यांनी तेव्हा बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास केला. त्यात आपलं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. साधारण एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅम वजनाची ३,२०० बाळं. निम्म्यांच्या आया जन्मापासूनच कक्षात बाळाशेजारी खाट टाकून राहिल्या, बाकीच्या बाळांना स्थिर झाल्यावर कांगारू मिळालं. पहिल्या गटात अठ्ठावीस दिवसांच्या आत शंभरातली बारा बाळं गेली, दुसऱ्यात जवळपास सोळा. जंतुसंसर्गाची शंका आलेली बाळंही आयांच्या गटात कमी होती. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या मुदतीआधी थांबवावा लागला. २०२१ मध्ये तो छापून आला.

दिल्लीच्याच राम मनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. आरती मारिया यांनी आईबापांना हात धुण्यापासून धोक्याची लक्षणं ओळखण्यापर्यंत शिकवून आत घ्यायला सुरुवात केली. तिथेही तुलना करून पाहिली. संसर्ग वाढला नाही, आणि घरी जाताना फक्त आईच्या दुधावर असलेली बाळं जास्त निघाली. माझी मुलगी झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, केंद्र सरकारने त्यावरून देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे मी जे म्हणते आहे ते शासनाच्या कागदावर आधीच आहे. ते वाचताना मी खूप वेळ नुसती बसून राहिले होते.

'आई दिसली की मूल रडतं, नाहीतर शांत असतं' असंही तुम्ही मोठ्या मुलांच्या वॉर्डाबद्दल लिहिलंत. इंग्लंडमध्ये १९५०च्या सुमारास अगदी हेच बोललं जायचं आणि आईबापांना कित्येक दवाखान्यांत आठवड्यातून मोजक्या वेळा भेटू द्यायचे. जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाने १९५२ मध्ये आठ दिवस दवाखान्यात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण करून डॉक्टरांना दाखवलं. जिला ते 'रुळली' म्हणत होते ती खचून गप्प झाली होती. सुरुवातीला अनेक डॉक्टर चिडले. पण १९५९ मध्ये सरकारी समितीने, तिला प्लॅट समिती म्हणतात, भेटीच्या वेळेचं बंधन काढा आणि लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्या असं सांगितलं. तरी दवाखाने हलले नाहीत. १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातल्या आया एकत्र आल्या आणि दवाखान्यादवाखान्यांत जाऊन विचारू लागल्या, तुमच्याकडे हे लागू झालं का? तेव्हा कुठे दारं किलकिली झाली. तिथेही अहवाल एकटा पुरला नाही, बाया लागल्या.

सिस्टरवरच्या ताणाबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. उलट एक भीती तुम्ही लिहिली नाही ती मी लिहिते. आया आत आल्या की 'आता नर्स भरायची गरज काय' असं म्हणणारे वरून कुणीतरी निघतील. आईला फुकटची नर्स करू नका. तिने बाळाला कुशीत धरावं, दूध पाजावं, लंगोट बदलावा, बाळाचा रंग बदलला तर हाक मारावी. मॉनिटर सांभाळणं तिचं काम नाही. आणि आजच्या या सगळ्या योजनांमध्ये मला खटकतं ते हेच, की आईचे हात आत घेतलेत, तिचा शब्द अजून जिन्यावरच आहे. दार किती वाजता उघडायचं हे ठरतं तेव्हा ती अजूनही खोलीत नसते.

मारहाणीबद्दल लिहिताना हात जड होतो. तुमच्या एका मित्राचं डोकं फुटलं, तुम्ही लिहिलंय. त्याला काही म्हणजे काही समर्थन नाही. मी फक्त पाहिलेलं सांगते. आमच्या जिन्यावर एका जोडप्याचं बाळ सव्विसाव्या दिवशी गेलं. त्या सिस्टर आल्यापासून बापाला रोज आत नेऊन दाखवत होत्या, आज काय केलं, उद्या काय करणार. बाळ गेल्यावर गावाहून दोन जीप भरून माणसं आली, आवाज चढले. त्या बापानेच हात आडवे करून त्यांना खाली नेलं. "ह्यांनी लई केलं," एवढंच म्हणाला. दरवेळी असं होईल असं मी म्हणत नाही. पण बंद दाराबाहेर सव्वीस दिवस बसलेल्या बापाला काय माहीत असतं, की कुणी काय केलं?

समित्यांचं तुम्ही म्हणता ते बहुतेक ठिकाणी खरं आहे. सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत चहा येतो, सह्या होतात, आणि ज्याचं मूल अॅडमिट आहे तो तिथे नसतोच. पण वेगळं घडलंय तेही आपल्याच राज्यात. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुण्याची 'साथी' संस्था त्यात पुढे होती. गावातल्या लोकांनी आरोग्य केंद्राच्या एकेका सेवेला रंग द्यायचा, हिरवा, पिवळा किंवा लाल, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून तो रंग का दिला ते सांगायचं. माझं मत असं, की हिरवा-लाल महत्त्वाचा नाही. पुढच्या बैठकीत 'मागच्या लालचं काय केलं' हे विचारायची सोय असणं महत्त्वाचं.

गडचिरोलीचं तर तुम्हाला शिकवलंही असेल. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याने दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं, कसा हवा? लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, तिथे माणसाला त्याच्या माणसांपासून तोडतात. म्हणून त्यांच्या शोधग्राम या परिसरात झोपड्यांसारख्या कुट्या उभ्या राहिल्या, नातेवाईक सोबत राहतात, आणि दवाखान्याला नाव त्यांच्या देवीचं, मां दंतेश्वरी. 'अडाणी माणसं सेवेबद्दल काय सांगणार' या तुमच्या प्रश्नालाही तिथेच उत्तर आहे. त्यांच्या आरोग्यदूत गावातल्याच, बेताचं शिकलेल्या बाया. ३९ गावांत त्यांनी घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनंही दिली. तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरलेल्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

अजून एक गोष्ट, कारण 'पालक बेफिकीर असतात, फॉलो-अपला येत नाहीत' हे तुम्ही दोनदा लिहिलंत. माझ्या मुलीसारख्या बाळांचे डोळे जन्मापासून महिन्याच्या आत तपासावे लागतात, पडद्याच्या रक्तवाहिन्या वाकड्या वाढल्या तर नजर कायमची जाते. आमच्याकडे ती तपासणी मंगळवारी, दुसऱ्या इमारतीत, आणि केसपेपरची खिडकी साडेअकराला बंद. आमच्या जिन्यावरच्या तिघींची एसटी पावणेबाराला पोचायची. त्या यायच्या, खिडकी बंद बघायच्या, परत जायच्या. रजिस्टरवर लिहिलं जायचं, 'आले नाहीत'. त्यातल्या एकीला मी पुढे दोन वर्षांनी बाजारात भेटले. मुलगा कडेवर होता. मी त्याच्यासमोर हात हलवला आणि त्याची नजर कुठेच गेली नाही. खिडकीमुळेच असं झालं, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण त्या रजिस्टरमध्ये ती बाई बेफिकीर म्हणून नोंदलेली आहे, आणि ती पहाटे साडेपाचला बाळ घेऊन फाट्यावर उभी असायची हे मला माहीत आहे.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे, चष्मा लागलाय, बाकी ठणठणीत. परवा डोळे तपासताना तिने डॉक्टरांना सांगितलं, थेंब झोंबतात हे आधी सांगत जा, मग मी हलणार नाही. त्यांनी पुढच्या मुलाला आधी सांगितलं. मी ऐकलं.

डॉक्टर, तुमचं पटलं तेवढं मी वर मान्य केलंय. आता माझं एक काम कराल का? पुढच्या सकाळच्या ड्युटीला नऊच्या सुमारास एकदा दार उघडून बाहेर बघा. बाहेर आया कुठे बसल्यात, कुणाच्या हातात झाकलेली वाटी आहे का, आणि असेल तर ती किती वाजता आत येते. जे दिसेल ते इथेच लिहा.