मागितलेला सूड आणि चाललेला सूड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया येऊन दोन दिवस झाले. पहिल्या दिवशी राग आला, म्हणून मुद्दामच काही लिहिलं नाही. सुडावरच्या लेखाखाली रागाच्या भरात उत्तर खरडणं जरा जास्तच शोभून दिसलं असतं. तुम्ही नाव दिलेलं नाही, तेव्हा नुसतं 'तुम्ही' म्हणते.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. अद्भुत साहसकथांत सुडाचा वर मागणाऱ्यावरच उलटतो, हा घासून गुळगुळीत झालेला डाव आहे. जिनी शब्दांत पकडतो, मागणारा तोंडावर आपटतो आणि वाचकाच्या हातात 'सूड वाईट' अशी चिठ्ठी पडते. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच शिक्षा, अन्याय करणारा नामानिराळा. त्यातून मी लेखात 'सुडाचा वर नेहमीच उलटतो' असं ठोकून दिलं, दाखला म्हणून भस्मासुराला उभं केलं आणि माझ्याच 'नदीचं देणं' या जुन्या कथेची पाठ थोपटली. 'मग अंबेचं काय?' असं तुम्ही विचारलंत. शेवटचं वाक्य होतं, 'तुम्हाला दुखावलेल्या माणसाची भीती वाटते.'

आधी भस्मासुर. तिथे तुम्ही बरोबर आहात, मी चूक. त्याच्या मागण्यात सूड नव्हताच, माज होता. भागवतात तो वृकासुर या नावाने येतो, आणि तिथे मोहिनीचं नृत्यही नाही. विष्णू एका बटूच्या वेषात येऊन त्याला म्हणतो, शंकराच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवतोस, स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून बघ की. वर उलटला खरा, पण कुणाचं उट्टं काढायला तो मागितलाच नव्हता. उदाहरण हाताशी होतं म्हणून उचललं. आळस.

आता 'नदीचं देणं'. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी : गाव जाळून गेलेल्या सैन्याचा सूड म्हणून एक मुलगी नदीकडे मागणं मागते, 'यातला एकही माणूस नदी ओलांडून घरी पोचू नये.' नदीला पूर येतो, सगळं सैन्य बुडतं. शेवटच्या परिच्छेदात कळतं की तिचा हरवलेला भाऊ त्याच सैन्यात होता, ओझी वाहायला धरून नेलेला. तुम्ही लिहिलंत, 'हा शेवट नाही, ही खिसेकापूगिरी आहे.' शब्द लागला. पण कथा पुन्हा काढून वाचली आणि मान खाली गेली.

कारण त्या मुलीला ते कळायचा मार्गच मी ठेवला नव्हता. भाऊ सैन्यात आहे हे तिला ठाऊक नाही, वाचकाला ठाऊक नाही, ठाऊक फक्त मला. मी पत्ता बाहीत दडवून बसले आणि शेवटी टाळी घ्यायला बाहेर काढला. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ती जे मागत होती ते तिच्या जागी कुणीही मागितलं असतं. मग तो पूर तिच्यावर उलटला म्हणजे नेमकं काय झालं? लेखिकेने तिला पाडलं, एवढंच.

पण त्यावरून अशा सगळ्याच कथा खिसेकापू ठरतात, हे मला मान्य नाही. इथून पुढे आपलं भांडण.

माझ्या त्या मुलीच्या शेजारी थीसिअसला उभा करा. ग्रीक पुराणकथेतला अथेन्सचा राजा. समुद्रदेव पोसायडनने त्याला तीन मागण्या देऊ केलेल्या. बायको फीड्रा मेली, आणि मरताना सावत्र मुलावर, हिप्पोलिटसवर, खोटा आळ घेणारी चिठ्ठी मागे ठेवून गेली. थीसिअस चिठ्ठी वाचतो आणि तिथल्या तिथे मागणं मागतो : आजचा दिवस मावळायच्या आत माझा मुलगा मरू दे. समुद्रातून एक बैल उसळून बाहेर येतो, रथाचे घोडे बुजतात, लगामात अडकलेला मुलगा खडकांवरून फरफटत जातो. युरिपिडीसचं यावरचं नाटक इसवी सनापूर्वी 428 मध्ये अथेन्सला झालं आणि पहिलं बक्षीस घेऊन गेलं.

आता तुमचा आरोप इथे लावून बघा. पोसायडनने शब्दांत पकडलं का? नाही. मागितलं ते, मागितलं तसं, मागितलं त्याच दिवशी दिलं. इतका प्रामाणिक जिनी शोधून सापडायचा नाही. माहिती दडवली का? तीही नाही. प्रेक्षकाला खरं काय ते पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि मुलगा बापासमोर उभा राहून शपथेवर सांगतोय की मी काही केलेलं नाही. बापाला विचारपूस करायची आहे कुठे? आर्टेमिस देवी नंतर येऊन त्याला हेच सुनावते : पुरावा पाहिला नाहीस, शपथ मानली नाहीस, ज्योतिष्यांना विचारलं नाहीस, थोडा वेळही जाऊ दिला नाहीस. पोसायडनने शब्द पाळला, पाळणं त्याला भागच होतं.

इथे पत्ता लपवला तो थीसिअसच्या रागाने. माझ्या कथेत तो मी लपवला होता. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे, आणि तुमच्यामुळेच तो मला धडपणे दिसला.

आणखी एक गोष्ट मूळ लेखात मला नीट म्हणता आली नव्हती. सूड घेणं आणि सूड मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहसकथेत तलवार घेऊन निघालेल्या माणसाला डोंगर चढावे लागतात, रात्री जागाव्या लागतात, वाटेत कुणीतरी भाकरी देतं, कुणीतरी शत्रूबद्दल वेगळंच काही सांगतं. तो कुठल्याही वळणावर थांबू शकतो. थांबला नाही तर ते न थांबणंही त्याचंच. वर मागणाऱ्याचं तसं नाही. एका वाक्यात काम दुसऱ्याच्या हाती गेलं. उद्या राग निवळला तरी ते वाक्य निवळत नाही.

पंचतंत्रातला गंगदत्त बेडूक आठवा. भाऊबंदांच्या छळाला कंटाळून तो रहाटाला धरून विहिरीबाहेर येतो आणि प्रियदर्शन नावाच्या म्हाताऱ्या सापालाच आवतण देतो : चल, माझे वैरी खाऊन टाक. साप येतो, वैरी संपवतो. इथवर करार चोख. मग गंगदत्त म्हणतो, काम झालं, आता जा. त्यावर सापाचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. तो म्हणतो, जाऊ कुठे? माझं बीळ एव्हाना दुसऱ्या कुणीतरी बळकावलं असणार. तूच मला आणलंस, आता तूच रोज एक बेडूक दे. यात कपट नाही. भूक आहे, आणि तक्रार अगदी रास्त आहे! मग गंगदत्ताचं गणगोत एकेक करून जातं, मुलगासुद्धा, आणि शेवटी तो दुसऱ्या विहिरींतले बेडूक आणतो म्हणून जो सटकतो तो परत येत नाही. कथा सांगणाऱ्याने जादूसुद्धा वापरलेली नाही. वैरी संपले म्हणून पोट थांबत नाही, एवढ्यावर सगळं उभं आहे.

अश्वत्थाम्याचंही तेच, फक्त मोठ्या आकारात. दोन्हीकडून अस्त्रं सुटलेली, मध्ये नारद आणि व्यास उभे. आवरा म्हटल्यावर अर्जुन आपलं अस्त्र परत घेतो. अश्वत्थाम्याला ते सोडता येतं, परत घेता येत नाही. मग ते वळवलं जातं पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर, आणि त्याच्या वाट्याला कृष्णाकडून 3000 वर्षं एकट्याने वणवणण्याचा शाप येतो. बापाला कपटाने मारलं हे त्याचं गाऱ्हाणं खोटं होतं का? मुळीच नाही. म्हणून तर ते पान वाचवत नाही.

शब्दांच्या खेळाबद्दल तुम्ही नाक मुरडलंत. बहुतेक वेळा मीही मुरडते. 'मला राजा कर' म्हटलं की बुद्धिबळाच्या पटावरचा राजा करून ठेवायचा, असले विनोद मला सोसत नाहीत. पण या जातीची एक कथा अशी आहे की तिच्यापुढे बाकीच्या फिक्या पडतात. इंद्राने त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप मारला. त्वष्ट्याने यज्ञ मांडला आणि आहुती टाकताना म्हटलं, 'इन्द्रशत्रुर्वर्धस्व'. म्हणायचं होतं, इंद्राला मारणारा वाढू दे. त्यासाठी स्वर शेवटच्या अक्षरावर यायला हवा होता. तो पडला पहिल्यावर, आणि समास बदलून अर्थ झाला, इंद्र ज्याला मारणार आहे तो वाढू दे. वृत्र जन्मला, वाढला आणि इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच ही कथा वापरली आहे, व्याकरण का शिकावं हे पटवण्यासाठी. पोर मेलेल्या बापाची गोष्ट व्याकरणाच्या वर्गात जाऊन बसली. पण मला त्यात वेगळंच दिसतं. तिथे ऐकणारा कुणी लबाड नाही, शब्द फिरवणारा यक्ष नाही. मुलगा गमावलेल्या माणसाचा आवाज हलला असेल, इतकंच. हे माझं वाचन, पतंजलीचं नव्हे.

बरं, अंबा. इथे 'नेहमीच' हा शब्द मी मागे घेते. अंबेचा सूड उलटत नाही. भीष्म पडतोच. शंकराकडून ती वर घेते, पण तो वर म्हणजे आयतं दिलेलं मरण नाही. तू भीष्माला मारशील, पण त्यासाठी पुढच्या जन्मी पुरुष होशील आणि तुला सगळं आठवत राहील, असा तो वर. बाकीचं तिचं तिने करायचं. तप तिचं, चिता तिची, 'भीष्मवधासाठी' म्हणत आगीत शिरणं तिचं. पुढच्या जन्मी मुलगी म्हणून जन्मून मुलगा म्हणून वाढणं, लग्नानंतर बिंग फुटणं, रानात जाऊन यक्षाशी देहाची अदलाबदल, हेही सगळं शिखंडीच्याच अंगावर. ती सूड मागून मोकळी झाली नाही, दोन जन्म तो चालत राहिली. त्यामुळे तिचं उदाहरण माझ्या 'नेहमीच'च्या विरुद्ध जातं, पण या उत्तरात जे म्हणतेय त्याच्या बाजूने उभं राहतं. (तुम्ही दिलेल्या दाखल्यावर मी डल्ला मारतेय, कळतंय मला.) त्या यक्षाचं, स्थूणाकर्णाचं, मात्र वाईट वाटतं. उसना दिलेला देह शिखंडी मरेपर्यंत त्याला परत मिळणार नाही, असा कुबेराचा शाप त्याने फुकट ओढवून घेतला. उलटलंच असेल तर ते त्याच्यावर.

आता 'दुखावलेल्या माणसाची भीती'. हा आरोप माझ्या त्या कथेला लागू आहे, सगळ्या परंपरेला नाही. कारण वर मागणारा दर वेळी दुखावलेला असतोच असं नाही, कधी तो नुसता डिवचलेला असतो. जयद्रथ घ्या. द्रौपदीला पळवून नेताना पकडला गेला, भीमाने डोक्यावर पाच शेंड्या ठेवून भादरला, आणि हा गेला शंकराकडे : पाचही पांडवांना जिंकेन असा वर दे. मिळाला कापून-छाटून. अर्जुन सोडून बाकीच्यांना, तेही एकच दिवस, अडवता येईल. अटी आधी सांगितल्या, बारीक अक्षरात काही नाही. तो दिवस त्याने युद्धाच्या 13व्या दिवशी खर्च केला. चौघे चक्रव्यूहाच्या तोंडाशी अडले, आत अभिमन्यू एकटा मेला. 14व्या दिवशी सूर्यास्ताच्या आत अर्जुनाने जयद्रथाला मारलं. वर तंतोतंत फळला, आणि फळला म्हणूनच अर्जुनाने ती प्रतिज्ञा केली.

त्याच्या बापाचं तर त्याहून विचित्र. वृद्धक्षत्राने आधीच बोलून ठेवलेलं, माझ्या मुलाचं डोकं जो जमिनीवर पाडेल त्याच्या डोक्याची शकलं होतील. अर्जुनाने बाणांवर ते डोकं तोलत नेऊन संध्या करत बसलेल्या बापाच्याच मांडीत टाकलं. म्हातारा उठला, डोकं जमिनीवर पडलं, आणि पाडणारा तोच ठरला. यात थोडा लेखकाचा हात दिसतो, मान्य. कृष्णाने अर्जुनाला आधी सावध केलेलं असतं म्हणून मी ते चालवून घेते. वाचकालाही ते अर्जुनाबरोबरच कळतं.

तेव्हा 'नदीचं देणं' मी काढून टाकलेली नाही, उसवली आहे. नव्या खर्ड्यात भाऊ शेवटच्या परिच्छेदात नाही, दुसऱ्याच पानावर आहे. जळत्या गावातून ओझ्याखाली वाकलेला तो जाताना तिला दिसतो. ती नदीवर पोचते तेव्हा सैन्य पाण्यात उतरायला लागलेलं आहे, आणि ओझीवाले सगळ्यात मागे आहेत. नदी तिला घाई करत नाही, शब्दांत पकडत नाही, फक्त एकदा विचारते, 'सगळे?' त्यावर ती काय म्हणते ते दोनदा लिहून दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा जमलं तर इथेच टाकेन. तेव्हाही असेच सोलून काढा, फक्त या खेपेला खाली नाव घाला.