थंड हवेचा सौदा

आमच्या मोटारीचं पुढचं डावं चाक दर आठवड्याला मान टाकतं. रिमला गंज चढलाय, घासून घ्यावी लागेल, हे पंक्चरवाल्याने दोनदा सांगितलं. पण ते काम म्हणजे अर्धा दिवस. त्यापेक्षा हवा भरत राहणं मला सोपं वाटतं.

अडचण पेट्रोल पंपावर. तिथला हवावाला कधीही जा, जेवायला गेलेला असतो. एकदा सकाळी नऊला गेलो, तेव्हाही! शिवाय चाकातला दाब थंड असताना मोजायचा असतो, आणि पंपापर्यंत जाईतो ते तापतं. घरीच हवा भरायचा पंप हवा, हे मी बायकोला या शास्त्रीय मुद्द्यावर पटवलं.

"अहो, चाक थंड हवं की डोकं?" ती म्हणाली. मी तो होकार समजलो.

दुकानात पोराने तीन नमुने मांडले. पायपंप स्वस्त, पण त्याला गुडघे लागतात; ते बाद. बॅटरीवालं यंत्र देखणं. मात्र डिक्कीत सहा महिने पडून ऐनवेळी त्याची बॅटरी उतरलेली निघणार, ही माझी खात्री. उरलं ते सिगारेट लायटरच्या भोकात वायर घालायचं, 12 व्होल्टचं.

"काका, 150 पीएसआय!" पोरगं खोक्यावर बोट आपटत म्हणालं.

पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप. माझ्या चाकाला 33 पुरतात. 150 ला चाक नव्हे, मीच उडेन. खरा प्रश्न मिनिटाला किती लिटर हवा जाते हा, आणि नेमकं तेच खोक्यावर कुठे दिसेना. तरीही घेतलं.

रविवारी सकाळी सात वाजता बटण दाबलं आणि पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखी अख्खी सोसायटी जागी झाली. 33 झाले. आता नळीची पितळी चकती फिरवून काढायची. ती इतकी तापलेली की बोट चटकलं, आणि मी बोट फुंकेपर्यंत अर्धवट सुटलेल्या चकतीतून फुस्स. पुन्हा मोजले, 30. तेव्हापासून मी 36 भरतो. तीन पीएसआय चकतीचा नैवेद्य.

आवाजाची तक्रार घेऊन खाली आलेले शेजारी दुसऱ्या रविवारी स्कूटर घेऊन आले. मग सायकली आल्या. मग तिसऱ्या मजल्यावरून पोहण्याची ट्यूब. काल वॉचमनही स्वतःची सायकल ढकलत आला.

"साहेब, हवा आहे का?"

घड्याळात पावणेनऊ वाजले होते.

"जेवायला चाललोय," मी म्हणालो.