खुलासा: ‘साप मेलेला उंदीर खात नाही’ हे खरे नाही

‘साप मेलेलं खात नाही, त्याला जिवंत उंदीरच द्यावा लागतो, नाहीतर तो उपाशी मरतो,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. जंगलातले सापही मेलेले प्राणी खाताना आढळले आहेत. अमेरिका-युरोपात पाळले जाणारे बहुसंख्य कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन (दोन्ही बिनविषारी साप) गोठवलेल्या उंदरांवरच वाढतात.

उलट, पिंजऱ्यात कोंडलेला जिवंत उंदीरच सापाला चावतो. भूक नसलेल्या सापाची पाठ त्याने हाडापर्यंत कुरतडल्याची उदाहरणे आहेत. शिवाय त्या उंदराचे हालही होतात, तेही टाळता येतात.

मग बॉल पायथन गोठवलेला उंदीर का नाकारतो? बहुतेकदा उंदीर थंड असतो म्हणून. या सापाच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता जाणवते. उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्यावा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवावा. बाहेरून साधारण 38 अंशांपर्यंत तापला, की लांब चिमट्याने संध्याकाळी समोर धरावा. मायक्रोवेव्ह अजिबात नको. तरीही नाकारलाच, तर आठवडाभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. निरोगी प्रौढ साप काही आठवडे सहज काढतो. पिल्लाचे वजन घटत असेल तर मात्र पशुवैद्य गाठावा.

गोठवल्याने साल्मोनेला (पोटाचे आजार करणारे जिवाणू) मरत नाही, हात धुवावेतच.

आणि भारतात नाग, धामण, अजगर घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. हा खुलासा त्यांच्यासाठी नाही.