"आधी फियाट पूर्ण कर" म्हणणाऱ्यांसाठी

आबांची जुनी फियाट दुरुस्तीत अर्धवट पडलेली असताना मी मोटारसायकल घेतली, आणि ती घरी आल्यापासून अभिनंदन कमी आणि "मग फियाटचं काय?" हेच जास्त ऐकतोय. गल्लीत तेच, भिशीत तेच, परवा एका लग्नात वाढप्यानंसुद्धा आमटी वाढता वाढता तेच विचारलं. विचारणाऱ्याच्या तोंडावर भाव असा, की थोरल्याला उपाशी ठेवून मी धाकट्याचं बारसं घातलंय. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून दमलो, म्हणून एकदाच बसून लिहितोय. लांबलंय. ज्यांना नुसते फोटो बघायचेत त्यांनी खाली जावं.

फियाट पैशासाठी थांबलेली नाही. ती पत्र्याच्या कामात मुरलेल्या हातासाठी थांबलीय, आणि मी कावासाकी न घेता गप्प बसलो असतो तरी तो हात मिळणार नव्हता. एवढंच म्हणणं आहे, पण ते पटवायला जरा गाडीच्या खाली शिरावं लागेल.

१९७८ चं मॉडेल, प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जिला सगळे फियाटच म्हणतात ती. आबांनी १९८६ ला एका डॉक्टरांकडून घेतली. त्या काळात नवी गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, त्यामुळं डॉक्टरांची वापरलेली गाडी मिळाली म्हणजे नशीबच. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, चारी चाकांना ड्रम ब्रेक. जोतिबाच्या चढाला ती तापायची आणि आम्ही सगळे उतरून कठड्यावर बसायचो. २०१९ च्या ऑगस्टात इथं कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी दुधाळीत शिरलं तेव्हा ती तिथल्या एका शेडमध्ये बंद पडून होती. माणसं आणि म्हशी बाहेर काढायच्या घाईत बंद गाडीकडं कोण बघणार? पाणी ओसरल्यावर गाळ धुतला. वरून गाडी ठीक दिसत होती. पत्रा आतून सडत गेला.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच चासी. दाराच्या खालून पेटीसारखा जो पोकळ भाग जातो, सिल म्हणतात त्याला, त्याच्यावर बराच भार असतो. गाळ नेमका त्या पोकळीत जाऊन बसला, ओल धरून राहिला आणि दोन्हीकडचे सिल आतून खाल्ले. स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी आत जातो. आता हे काढून नवं घालायचं तर दोन्ही बाजू एकदम कापून चालत नाही. आधी गाडी ठोकळ्यांवर लेव्हलमध्ये घ्यायची, दाराच्या चौकटीत अँगल वेल्ड करून बॉडी बांधून टाकायची, मग एक बाजू उघडायची. वेल्डिंगही सलग ओढायचं नाही. टाका मारायचा, थंड होऊ द्यायचं, लांब दुसरीकडं टाका मारायचा, नाहीतर पत्रा तापून लाट धरतो. घाई केली की बॉडी मधे बसते, आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. वरून लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून, रंग मारून देणारे पायलीला पन्नास आहेत. तसंच करायचं असतं तर गाडी केव्हाच रस्त्यावर आली असती आणि दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड आले असते.

इंजिनाचं मात्र एकदा तरी अडलं का? नाही. हे ऑइल इंजिनांचं आणि फौंड्र्यांचं गाव आहे. १०८९ सीसीचा ब्लॉक उद्यमनगरात बोअर झाला, क्रँक ग्राइंड झाला, हेडचं फेसिंग झालं, सगळं चालत जायच्या अंतरावर. पुढच्या चाकांच्या किंगपिनच्या बुशा मिळेनात तर टर्निंगवाल्याकडं जुना नमुना टाकला. त्यानं संध्याकाळी करून दिल्या आणि वर विचारतोय, "आणि एक जोड काढून ठिवू काय, परत कुठं हिंडत बसणार?" जे लोखंड आहे, जे पितळ आहे, ते कोल्हापुरात अडत नाही. अडतं ते रबरात आणि पत्र्यात.

रबराची गोष्ट मुंबईतल्या टॅक्सींशी बांधलेली आहे. तिथं पद्मिनीच्या टॅक्सी हजारोंनी धावत होत्या तोवर दाराचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी), मागच्या दिव्याची काच, असल्या बारीकसारीक वस्तू करणाऱ्याला गिऱ्हाईक होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तीही गेली. पेपरांनी छान हळहळून लिहिलं. मला हळहळायला सवड नव्हती, मी ओळखीच्या पार्टवाल्यांना फोन करत होतो.

पण बीडिंग आज ना उद्या मिळेल. खरं दुखणं पत्र्याच्या मेस्त्रींचं. ज्यांच्यावर माझा भरवसा आहे ते सत्तरीला टेकलेत. नुसता तळवा फिरवून कुठं उठाव आहे ते सांगतात. पण गुडघे गेलेत, त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि गाडीखाली झोपून काम करायचं वय राहिलं नाही. मुलगा त्याच गॅरेजात आहे, तो इन्शुरन्सची कामं करतो. त्याचं चुकीचं नाही. आता दार चेपलं तर ठोकत कुणी बसत नाही, नवं दार येतं, बिल निघतं. मी त्याला दुप्पट मजुरी देऊ केली. म्हणाला, "पैशाचं न्हाई ओ दादा, मला ते येतच न्हाई." दुसऱ्या एकाकडं नेली, तर त्यानं सिल बघायच्या आधी लांबीचे डबे किती लागतील ते सांगितलं.

"आधी ती पूर्ण कर" म्हणणाऱ्यांनी आता सांगावं, मी नक्की काय करू? मोटारसायकलीचे पैसे त्या सिलमध्ये कोंबू?

आता कावासाकी. झेड ९००, वापरलेली, पुण्यातून आणली. ९४८ सीसी, चार सिलिंडर, १२५ पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर. फियाटचं इंजिन हिच्याहून मोठं, आणि तारुण्यात ते चाळीसेक हॉर्सपॉवर द्यायचं, तेही नऊशे किलोच्या आसपासच्या गाडीला. हिचं वजन २१२ किलो. म्हणजे तीन फियाटींची ताकद, असं आबांना सांगितलं तर म्हणाले, "मग तीन घरची माणसं बसतील काय?"

हे वेड लहानपणचं. मामाकडं केबी १०० होती, बजाजनं कावासाकीबरोबर ऐंशीच्या दशकात काढलेली. पेठेत सगळं राज्य यामाहाच्या आरएक्स १०० वाल्यांचं, मामाच्या गाडीला कुणी विचारत नव्हतं. मला मात्र तिच्या टाकीवरचं नाव पाठ झालं. पुढं एका मासिकात त्याच नावाची चार सिलिंडरची हिरवी गाडी बघितली आणि मामाच्या गाडीबद्दलचा आदर एकदम वाढला.

नवी का नाही घेतली? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी आहे. आधी सेससकट ३१ पडायचा. लहान गाड्यांचा २८ वरून १८ केला ते चांगलंच झालं, पण सरकारच्या लेखी ३५१ व्या सीसीपासून माणूस चैनी होतो हे काही पटत नाही. असो. भिशी लागली होती, एक ठेव मोडली. बायकोनं पावतीवर सही केली ती अटी घालून: हेल्मेट, जॅकेट, बूट, आणि पावसाळ्यात चावी तिच्याकडं.

एवढी पॉवर कशाला, हा दुसरा प्रश्न. राजारामपुरीत कशालाच नाही. उन्हात सिग्नलला थांबलं की पंखा सुरू होतो आणि गरम हवा मांड्यांवर येते, त्यापेक्षा बायकोची स्कूटर शंभर पटीनं बरी. पण गगनबावड्याच्या रस्त्याला सकाळी लवकर निघा. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, समोर जेमतेम मोकळा रस्ता. फियाटमध्ये असताना आबा साळवणपर्यंत त्याच्यामागं धूळ खात जायचे. ही गाडी गिअर न बदलता अलगद पुढं निघते आणि लगेच आपल्या बाजूला येते. शंभरच्या वर न जाता पॉवरचा एवढा उपयोग होतो, हे चालवल्याशिवाय कळत नाही. रंकाळ्यावर सायलेन्सर फोडत फिरणाऱ्या पोरांना तर आयुष्यात कळणार नाही. भीती वाटते का? वाटते. चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे, ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस आहे, तरी मुठीला हात घालताना वाटते.

एका मित्राचा आक्षेप मात्र वजनदार होता. म्हणाला, पैसे राहू देत, तुझे रविवार आता हिच्यावर जाणार. बरोबर. पण मेस्त्री नसताना रविवारी शेडमध्ये जाऊन मी करत काय होतो? चहा पीत होतो आणि बंपरचं क्रोम पुसत होतो. गाडी आता कोरड्या शेडमध्ये आहे, पोकळ्यांत तेल मारून ठेवलंय, त्यामुळं ती आणखी दोन वर्षं थांबली तरी फार बिघडत नाही. माझं वय सेहेचाळीस. २१२ किलोची गाडी पार्किंगमधून मागं ढकलत काढायला गुडघे लागतात, आणि त्यांच्यात तेल मारून ठेवता येत नाही.

काहींचा सल्ला असा, की २०२८ ला पन्नास वर्षं भरू देत, मग व्हिंटेज म्हणून नोंद कर. २०२१ च्या नियमांप्रमाणे तशी वेगळी नोंद होते, व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. पण मग ती गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली असल्या कारणांपुरतीच बाहेर काढायची. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते, तिला ते शोभतं. आबांना फियाट घेऊन भाजी आणायला जायचंय.

आणि आबांना, ज्यांची ती गाडी आहे, त्यांना विचारूनच मी पुण्याला गेलो होतो. ते म्हणाले, "ती माझी, ही तुझी. दोन्हीचा हिशेब एका वहीत मांडू नको." गल्लीला बहुतेक तिसरी वही लागणार.

सध्याची परिस्थिती: गडहिंग्लजकडचे एक मेस्त्री परवा बघून गेले. त्यांनी लांबीचं नाव काढलं नाही, उलट अँगल कुठं मारायचा ते खडूनं आखून गेले, म्हणजे माणूस जाणकार आहे. काम दिवाळीनंतर धरू म्हणालेत. कुठली दिवाळी ते मी विचारलं नाही.

तोवर कुणाकडं पद्मिनीच्या मागच्या दारांचं न तडकलेलं बीडिंग असेल, किंवा घराच्या माळ्यावर मागच्या डाव्या दिव्याची काच पडली असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा, येऊन घेऊन जातो. मोटारसायकलवर एक चक्कर मागणाऱ्यांनी हेल्मेट स्वतःचं आणावं, आणि मागंच बसावं.