फुकटच्या शाळेचं बिल

चुलीत गेली ती तुमची फुकटची शाळा! आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, लेकीचा नंबर लागला तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात पेढे वाटले होते. "सुटलात हो!" म्हणाले सगळे. कसलं सुटतोय!

फी सरकार भरतं, कबूल. २००९ चा कायदाच आहे, खासगी शाळेनं पहिलीच्या २५ टक्के जागा गरीब नि वंचित घरच्या मुलांना द्यायच्या आणि सरकारनं शाळेला पैसे चुकते करायचे. पण शाळेच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी जी यादी पुढे सरकवली तिच्यात फी सोडून सगळं होतं. गणवेश दोन तऱ्हेचे, खिशावर शाळेचं चिन्ह, आणि ते त्यांनी सांगितलेल्याच दुकानातून घ्यायचे. काळे बूट वेगळे, पांढरे वेगळे. वह्यांची कव्हरंसुद्धा शाळेचं नाव छापलेली. बसचे पैसे. वर ‘ॲक्टिव्हिटी’चे पैसे. कसली ॲक्टिव्हिटी, विचारलं, तर म्हणे, "बेन, ए तो बधा आपे छे." सगळे देत असतील हो! सगळे फीपण देतात. मला परवडत असतं तर तो आरटीईचा कागद घेऊन तुमच्या दारात कशाला उभी राहिले असते?

गणवेश-पुस्तकांसाठी गुजरात सरकार वर्षाला ३००० रुपये देतं. ते खात्यात यायचे तेव्हा येतात, दुकानदाराला जूनमध्येच रोख लागते. आणि ३००० त ती यादी कुणी पुरी करून दाखवली तर त्याचे पाय धरीन मी.

त्यात आमच्या ग्रुपवरचे एक काका. स्वतःची नातवंडं भारीतल्या शाळेत, आणि रोज सकाळी चहाबरोबर आम्हाला शिकवणार: सरकारी शाळा बंद करा, पैसा थेट पालकाच्या हातात द्या, पालक हवी ती शाळा निवडेल. मिल्टन फ्रिडमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९५५ मध्येच हे लिहिलंय म्हणे. लिहिलं असेल. अमेरिकेत ॲरिझोना राज्यानं २०२२ मध्ये उत्पन्न न बघता सगळ्यांना असा पैसा खुला केला, तर पहिल्या झुंबडीतली बहुतेक मुलं सरकारी शाळेत नव्हतीच. जे आधीच फी भरत होते त्यांनाच बक्षीस! काका, निवडतं कोण? मी फॉर्म भरते, शाळा मला यादी दाखवून बाहेरचा रस्ता दाखवते.

आता इथली आरटीईची उत्पन्नाची मर्यादा २०२५ मध्ये शहरातल्यांसाठी दीड लाखावरून सहा लाखांवर नेली. जागा मात्र त्याच २५ टक्के. म्हणजे महिन्याला बारा हजारवाला आणि पन्नास हजारवाला एकाच रांगेत. (प्राधान्यक्रम असतो, ठाऊक आहे मला. समजावू नका.)

आणि हे कुठे, तर सयाजीरावांच्या बडोद्यात! १८९३ मध्ये अमरेलीत सुरुवात करून १९०६ मध्ये महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. तेव्हा मूल शाळेत धाडलं नाही तर दंड व्हायचा. आता धाडलं की होतो.

घरापासून पाच मिनिटांवर महानगरपालिकेची मराठी शाळा आहे, मी तिथंच शिकले. आज तिथं दोन वर्गांना मिळून एक बाई, पावसात कोपऱ्यात बादली. ती शाळा धड असती तर मी गेले असते का त्या खिडकीत हात जोडायला? पण तिथं पैसा घालायचा म्हटलं की तिजोरीत खडखडाट!

बरं, हे सगळं आठवीपर्यंतच. चौदाव्या वर्षी कायद्यानं हात झटकले की नववीची फी आमच्या डोक्यावर. गुजरातच्या २०१७ च्या फी कायद्यात माध्यमिकच्या वर्षाच्या फीची मर्यादा २५ हजार आहे, त्याच्या वर जायला समितीची मंजुरी लागते, आणि वर गेलेल्या शाळा या गावात कमी नाहीत. ते पैसे कुठून आणायचे, काका, तेवढं तुमच्या फ्रिडमनना विचारून ग्रुपवर टाका. उद्याच टाका, चहाबरोबर.