म्हणे पंचतारांकित!

फ्रान्सने 2009 मध्ये हॉटेलांना पाचवा तारा दिला, 2010 मध्ये त्याच्याही वर ‘पॅलेस’ हा दर्जा काढला. पण पॅरिसच्या कित्येक महागड्या खोल्यांत टबावरची काच अजून अर्धीच! शॉवर एका टोकाला, काच जेमतेम निम्म्या लांबीची, तिच्या खाली रबरी पट्टी नाही, फरशीला उतार नाही, बाहेर पाणी जायला जाळी नाही. मग काय, टबाच्या काठावरून ओघळ थेट दारापर्यंत. टॉवेलची गुंडाळी काठाशी दाबा, शॉवर भिंतीकडे वळवा आणि चोरासारखी आंघोळ उरका. बादली-मग? विसरा.

वर पैशांची कटकट. भाडं आगाऊ भरलं तरी शहराचा मुक्काम-कर बहुतेक वेळा वेगळाच, तोही माणशी, दर रात्रीचा. चेक-इनला कार्डावर डिपॉझिट अडकवतात. फोरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरलेलं कार्ड) दिलंत तर हॉटेलने सोडलेली रक्कमही परत दिसायला दिवसच्या दिवस. तिथे क्रेडिट कार्डच पुढे करा. मिनीबारमध्ये, म्हणजे खोलीतल्या विकतच्या पेयांच्या छोट्या फ्रिजमध्ये, काही ठिकाणी सेन्सर असतो. बाटली किंमत बघायला उचलून जरा वेळ हातात धरली, की बिलात! बाळाचं दूध ठेवायचंय? रिकामा फ्रिज मागा, आणि तो फुकट आहे का तेही आधीच विचारा.